एकशे सेहेचाळीस पुरावे

"या कार्यालयात डोळे सगळ्यांना आहेत, नजर फक्त मला आहे," असं अन्वेषक स्वतःबद्दल सांगत, आणि हे ते दिवसातून निदान दोनदा सांगत. एकदा सकाळी आल्याआल्या, आणि एकदा जेवणाच्या सुट्टीत, समोरच्याच्या तोंडात घास असताना, म्हणजे त्याला उलट बोलता येऊ नये. मोबाइल ॲप बनवणाऱ्या त्या लहानशा कंपनीत त्यांची नेमणूक साध्या प्रोग्रामरची होती. पण कॉलेजात असताना त्यांनी वसतिगृहातल्या हरवलेल्या साबणाचा छडा लावला होता (साबण बादलीखाली होता), आणि तेव्हापासून त्यांचं पाऊल जमिनीवर पडलं नव्हतं. टेबलावर त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी होती: 'अन्वेषक. गूढ, गुंतागुंतीचे व अशक्य कोटीतले बिघाड स्वीकारले जातील. साधे बिघाड शेजारच्या टेबलावर.'

शेजारचं टेबल सहायिकेचं होतं. कंपनीच्या कागदोपत्री ती टेस्टर होती, म्हणजे तयार झालेलं ॲप फोनवर चालवून बघणं हे तिचं काम. पण अन्वेषकांनी पहिल्याच आठवड्यात तिला सहायिका करून टाकलं, आणि चार वर्षांत तिने वाद घातला नाही, कारण वाद घातला तर त्याचीही चौकशी झाली असती.

त्या दिवशी मात्र ती घड्याळाकडे बघूनच कामाला बसली होती. तिची धाकटी बहीण पाच चाळीसच्या गाडीने येणार होती, दीड वर्षाने, आणि तीही दोनच दिवसांसाठी. मागच्या दोन्ही वेळी सहायिका स्टेशनवर पोचली नव्हती. पहिल्यांदा 'थरथरणाऱ्या बटणाचं प्रकरण' चालू होतं, दुसऱ्यांदा 'दोनदा वाजणाऱ्या घंटीचं'. दुसऱ्या वेळी धाकटी दोन तास बॅगेवर बसून राहिली आणि शेवटी एका मैत्रिणीकडे झोपायला गेली. आई गेल्यापासून तिला घ्यायला जाणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं, आणि ही गोष्ट सहायिकेच्या मनाला फार लागून राहिली होती. काल फोनवर धाकटी एवढंच म्हणाली, "तू येऊ नकोस ताई, मी रस्ता शोधीन." रागावली असती तर बरं झालं असतं.

सहायिकेने संचालकबाईंकडे पाचला निघायची परवानगी मागितली होती. बाईंनी दिलीही, एका अटीवर.

"दंतवैद्यांचं ॲप रवाना झालं की तू मोकळी. उद्या सकाळी त्यांचा नवा दवाखाना उघडतोय आणि रोग्यांना नंबर त्या ॲपवरूनच लागणार आहेत. शेवटची तपासणी तुझीच आहे, त्याआधी तुला सोडता येणार नाही."

आता ॲप रवाना होतं कसं, तर खिडकीखाली एक जुना कॉम्प्युटर होता. ॲप लिहून झालं की ते आधी त्यावर शिजायचं. त्याला बिल्ड म्हणत. मग सहायिका ते फोनवर चाखून बघायची. आणि चव जमली की ॲपचा डबा भरायचा, त्यावर सही-शिक्का मारायचा आणि तो ॲपच्या दुकानाकडे धाडायचा. तो डबा म्हणजे आर्काइव्ह. आज शिजत व्यवस्थित होतं, चवही ठीक होती, डबा तेवढा भरेना. नऊ मिनिटं चाकी फिरायची, अठ्ठ्याण्णव टक्क्यांपर्यंत पोचायची, आणि मग पडद्यावर यायचं: 'काम पूर्ण होऊ शकले नाही. त्रुटी क्रमांक एक.'

"त्रुटी क्रमांक एक," अन्वेषक डोळे मिटून म्हणाले. "याचा अर्थ दोन आणि तीन यायच्या आहेत. हा मालिका गुन्हेगार आहे."

"सर, खाली आणखी माहितीचं बटण आहे. दाबून बघू या का?"

"गुन्हेगाराचा कबुलीजबाब वाचून गुन्हा उकलण्यात कसलं आलंय कौशल्य? हात मागे घ्या. घटनास्थळ आहे हे."

त्यांनी खणातून चिकटपट्टी काढली आणि कॉम्प्युटरभोवती चौफेर लावून टाकली. कीबोर्डवरून एक पट्टी आडवी गेली. मग त्यांनी त्यांचं नेहमीचं पहिलं काम केलं: फसलेल्या आर्काइव्हची, त्याच्या आतड्या-कोथळ्यासकट, अख्खीच्या अख्खी प्रत काढून तिला नाव दिलं, 'पुरावा १३०'. आधीचे एकशे एकोणतीस जुन्या प्रकरणांचे होते. अन्वेषक पुरावा कधी टाकत नसत, कारण काही प्रकरणं पुन्हा उघडावी लागतात असं त्यांचं मत होतं. आजवर एकही उघडलेलं नव्हतं.

पहिला संशय सही-शिक्क्यावर गेला. ॲपवर कंपनीची डिजिटल सही लागते, आणि अन्वेषकांच्या मते ही सही बनावट होती. त्यांनी ती भिंगातून बघितली. पडद्यावरची सही भिंगातून बघितल्यावर फक्त मोठी दिसते, पण त्यांनी मान डोलावली, जुनी सही रद्द केली आणि नवी घेतली. तासभर गेला. डबा एक्क्याण्णव टक्क्यांवर फसला. पुरावा १३३.

दुसरा संशय परक्या तुकड्यावर. ॲपमधलं तारखांचं कोष्टक बाहेरच्या कोणा अनोळखी प्रोग्रामरने लिहिलेलं होतं आणि कंपनीने ते तयार उचललं होतं. "आपण या इसमाला कधी भेटलोय का? नाही. आणि तरी त्याला घरात घेतलं." अन्वेषकांनी तो तुकडा उपटून काढला. आता ॲपमध्ये रोग्याला नंबर मिळत होता, पण कुठल्या दिवसाचा ते कळत नव्हतं. डबा सत्तर टक्क्यांवर फसला. तुकडा परत बसवायला सहायिकेला पाऊण तास लागला, कारण तो पुन्हा बसला की सगळं पुन्हा तपासावं लागत होतं. पुरावा १३८.

तेवढ्यात दंतवैद्यांचा फोन आला. सवयीने ते सगळ्यांशी रोग्यासारखंच बोलत.

"काढलंत का?"

"अजून नाही, डॉक्टर," सहायिका म्हणाली.

"हलतंय का तरी?"

"सत्तर टक्के हलतंय."

"मग घाबरू नका. डोळे मिटा आणि काढून टाका."

जेवण झाल्यावर अन्वेषकांनी फळ्यावर आलेख काढला. सकाळी अठ्ठ्याण्णव, मग एक्क्याण्णव, मग सत्तर, मग चाळीस. उतरत्या रेघेखाली त्यांनी लाल खडूने दोन ओळी मारल्या.

"बघा. सकाळी तो अगदी शेवटच्या पायरीवर वार करत होता. आता अर्ध्या वाटेत गाठतोय. संध्याकाळपर्यंत दारातच उभा असेल. गुन्हेगार धीट होत चाललाय, आणि धीट कोण होतं? ज्याला आतली खडान्‌खडा माहिती असते तो." ते सावकाश वळले. "ॲपला शेवटचा हात कोणाचा लागला होता?"

सहायिकेने इकडेतिकडे बघितलं. तिसरं कोणी नव्हतं.

"माझा."

"बसा."

दुपारच्या लख्ख उजेडात त्यांनी टेबलावरचा दिवा लावून तिच्या तोंडावर फिरवला. दिव्याचा उजेड पडला की नाही ते कळत नव्हतं, नुसती उष्णता येत होती.

"सकाळपासून तुम्ही घड्याळाकडे एकतीस वेळा बघितलंत. कोणाची वाट बघताय?"

"बहिणीची."

"टोपणनाव?"

"धाकटी."

"तिचा या दंतवैद्याशी संबंध?"

"लहानपणी चॉकलेटं फार खायची, तेवढाच."

अन्वेषकांनी हे वहीत लिहून घेतलं. सहायिकेला हसू येत नव्हतं. सव्वातीन झाले होते, आणि हा माणूस मनाने वाईट नाही हे ठाऊक असूनही आपण त्याच्यापायी तिसऱ्यांदा आपल्या बहिणीला वाऱ्यावर सोडणार आहोत, हे तिला दिसत होतं. तिने दिवा बंद केला.

"सर, ते आणखी माहितीचं बटण एकदा तरी दाबू द्या."

"संशयितांना घटनास्थळाजवळ जाता येत नाही," अन्वेषक म्हणाले. त्यांच्या आवाजात खरोखरच दिलगिरी होती.

चार वाजता डबा बारा टक्क्यांवर फसला. चार वाजून दहा मिनिटांनी तो सुरूच झाला नाही. आणि चार पंधराला एक नवल घडलं: अन्वेषक 'पुरावा १४७' साठवायला गेले, तर पुरावाही साठवला जाईना. ते एक पाऊल मागे सरले. चेहऱ्यावर भीती होती आणि भीतीखाली खूप आनंद होता.

"त्याने आता पुराव्यालाच हात घातलाय," ते कुजबुजले. "मी फार जवळ पोचलोय."

दार ढकलून चित्रकार आत आली. ॲपची चित्रं काढणारी ही मुलगी सकाळी दंतवैद्यांकडेच गेली होती, कारण ॲपच्या चिन्हातला दात त्यांना पिवळा वाटत होता. तिला प्रकरणातलं काही ठाऊक नव्हतं. तिने स्वतःच्या जागेवर बसून दहा मिनिटं काम केलं आणि मग वैतागून मान वर केली. तिची चित्रंही खिडकीखालच्या त्याच कॉम्प्युटरवर साठायची.

"ऐका ना, माझा दात साठवला जात नाहीये. जागा नाही म्हणतंय. आणि हे 'पुरावा' नावाचं एवढं काय आहे? एकशे सेहेचाळीस आहेत. सगळी डिस्क त्यांनीच खाल्लीय."

सहायिकेने फळ्याकडे बघितलं. अठ्ठ्याण्णव, एक्क्याण्णव, सत्तर, चाळीस. डबा भरायला मोकळी जागा लागते. दर वेळी डबा फसला की एक पुरावा वाढत होता, आणि एक पुरावा वाढला की पुढचा डबा आणखी लवकर फसत होता. दिवसभर चाललेला गुन्हा हा निव्वळ तपास होता.

"पुसून टाका मग," चित्रकार म्हणाली, आणि खणातून बिस्किटं शोधायला लागली.

"पुरावे नष्ट करणं हा गुन्हा आहे," अन्वेषक म्हणाले. पण त्यांचा आवाज बसला होता. त्यांनाही कळलं होतं. चार वर्षांतली सगळी प्रकरणं त्या एकशे सेहेचाळीस नावांत होती, आणि दुसरं दाखवण्यासारखं त्यांच्याकडे फारसं काही नव्हतं.

सहायिका उठली. तिने चिकटपट्टी सोलून काढली, तिचा गोळा केला आणि अन्वेषकांच्या टेबलावर ठेवला.

"सर, गुन्हेगार सापडलाय. पकडायचं का सोडायचं ते तुम्ही ठरवा. माझी बहीण पाच चाळीसला उतरतेय आणि दोनदा मी तिला एकटीला बसवलंय. तुमच्या प्रकरणांमुळे बसवलंय. आज बसवणार नाही."

इतकं सलग ती त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलली होती. अन्वेषकांनी भिंग खिशात ठेवलं, खुर्ची ओढली आणि एकशे सेहेचाळीसच्या एकशे सेहेचाळीस स्वतः निवडून रद्दीच्या टोपलीत टाकले. मग आर्काइव्हचं बटण दाबलं. डबा लगेच फसला.

सहायिकेने कपाळाला हात लावला.

"टोपली रिकामी केलीत का?" चित्रकाराने बिस्किट चघळत विचारलं. "टोपलीत असलं तरी जागा अडतेच ना."

"अपिलाची मुदत असते," अन्वेषक पुटपुटले.

दोघी नुसत्या बघत राहिल्या. शेवटी अन्वेषकांनी चष्मा काढला, म्हणजे नीट दिसू नये, आणि टोपली रिकामी केली.

चित्रकाराने पांढरा दात साठवून ॲपमध्ये बसवला, आणि मग डबा भरायला नऊ मिनिटं लागली. चाकी अठ्ठ्याण्णववर आली तेव्हा तिघांनी श्वास धरला होता, आणि ती शंभरावर गेली तेव्हा सगळ्यात मोठा श्वास अन्वेषकांनी सोडला. सहायिकेने फोनवर शेवटची तपासणी केली: नंबर लागतोय, तारीख दिसतेय, दात पांढरा आहे. पाचला सहा मिनिटं कमी असताना ॲप रवाना झालं. दंतवैद्यांना कळवलं तेव्हा ते म्हणाले, "छान. आता तासभर काही खाऊ नका."

ती पर्स उचलत होती तेव्हा अन्वेषक वहीत लिहीत होते. 'गुन्हेगार: जागेचा अभाव. छडा लावणारे: अन्वेषक.' मग थोडं थांबून त्यांनी कंसात 'चित्रकार' लिहिलं, आणि आणखी थोडं थांबून नुसता कंस खोडला.

"सहायिकाबाई," ते मान वर न करता म्हणाले, "पळा. मागच्या दोन वेळांचं मला ठाऊक नव्हतं. तुम्ही सांगायला हवं होतं."

"तुम्ही नजरवाले ना सर," ती म्हणाली, आणि खरंच पळाली.

पाच पाचची बस तिला मिळाली. स्टेशनवर पोचली तेव्हा गाडीला अजून आठ मिनिटं होती. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोनदा चालून आली, कारण कुठला डबा ते विचारायचंच राहिलं होतं.

धाकटी मधल्या डब्यातून उतरली. तिने डावीकडे बघितलं नाही, उजवीकडे बघितलं नाही. बॅग उचलली, मान खाली घातली आणि सरळ बाहेरच्या दाराकडे चालायला लागली. कोणाला शोधायचं असतं हे ती विसरूनच गेली होती. गर्दीतून वाट काढत सहायिकेने मागून बॅगेचा दुसरा बंद पकडला.

"राहू द्या, मी नेते," धाकटी न बघता म्हणाली.

"दे गं इकडे."

धाकटी थांबली. वळली. बराच वेळ ती ताईच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि मग तिचा चेहराच वेडावाकडा झाला.

"अगं, मी रस्ताभर तुझ्याशी भांडायची तयारी करत आले. एवढं मोठं भांडण आहे माझ्याकडे."

"मग घरी चल आणि भांड," सहायिका म्हणाली. "सगळं ऐकते. आज मला वेळ आहे."

बॅग दोघींच्या मध्ये धरून त्या बाहेर आल्या, आणि भांडण जिन्यावरच सुरू झालं.