सारे घर मयुरा जाहले त्याची हकीकत

प्रथम नमन विजेच्या तारेस, की जी त्या दुपारी तुटली नाही. दुसरे नमन चार्जरास, की जो शोधिला असता सापडला. आणि तिसरे नमन रखमाबाईसाहेबांस, कारण त्यांस नमन न करिता त्या घरी कोणतेही कार्य सिद्धीस जात नाही. आता झाई प्रांती चिकूचे वाडीत जे अद्भुत वर्तले, ते श्रोत्यांनी चहा बाजूस ठेवून ऐकावे.

श्रीमंत गोविंदराव हे वाडीचे धनी. चिकूची झाडे वडिलार्जित, स्वभाव गोड आणि रक्त त्याहून गोड, म्हणोन डॉक्टरांनी त्यांची साखर बंद केली. मग त्यांच्या अर्धांगी रखमाबाईसाहेब यांनी फर्मान काढिले की, घरात गोड चहा उकळेल तर यांची नजर तेथेच जाईल, सबब आजपासून तमाम घराचा चहा एका पातेल्यात आणि बिनसाखरेचा. साखरेचा डबा माळ्यावर कैद जाहला. ऐशा समयी चिरंजीव जतीनराव यांचे लग्न होऊन मयुराबाई तलासरीहून सून म्हणोन आल्या. माहेरी त्यांस दोन चमचे साखरेची चाल. पहिले सकाळी कप हाती आला, एक घोट घेतला, आणि रखमाबाईसाहेबांनी पुसिले, "बरा झालाय ना गं?" तेव्हा मयुराबाई "हो आई" बोलून गेल्या. नव्या सुनेने दुसरे काय बोलावे? त्या एका होकाराने पुढील सर्व वर्षांचा चहा ठरून गेला.

आता मोहिमेचे कारण. लग्नाची पत्रिका छापिली तेव्हा मयुराबाईंच्या वडिलांनी उमेदीने कन्येच्या नावापुढे बी.सी.ए. घातले, कारण निकाल येणे काय ते बाकी होते. निकाल आला, आणि सर्व विषय काबीज जाहले, परंतु ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग नामे एक किल्ला राहिला. मग लग्न जाहले, मग चिकूचा हंगाम आला, मग तो संपेना, कारण चिकूस फळण्याचा कंटाळा म्हणोन नाही. इकडे रखमाबाईसाहेब कोणाचे हळदीस जावोत की बारशास, सुनेची ओळख "आमची मयुरा, बी.सी.ए." ऐशीच देत, आणि मयुराबाई ओढणीचे टोक बोटास गुंडाळीत उभ्या राहात. अशात विद्यापीठाचे फर्मान सुटले की, जुना अभ्यासक्रम मोडीत निघतो, ज्यांचा विषय राहिला त्यांस हीच अखेरची संधी, उपरांत मागील सर्व गुण पाण्यात. आता ती छापिलेली पदवी खरी करावी, नाही तर जन्मभर खोटी वागवावी, ऐसा प्रसंग येऊन ठेपला.

मग मयुराबाईंनी डहाणूचे बाजारातून नवशिक्यांचे एक जाडजूड पुस्तक जुन्या भावात आणविले. त्याचे पहिलेच पानी लिहिले होते की हा विषय अत्यंत सोपा आहे. लिहिणार कोणत्या मुलखाचा, ते कळले नाही. जेवणाचे टेबल हे पूर्वापार चिकूच्या चकत्यांचे ठाणे होते. तेथे तह होऊन अर्धे टेबल पुस्तकास मिळाले. लॅपटॉप जतीनरावांचा, त्याची बॅटरी केव्हाच वैकुंठवासी, सबब तो तारेस बांधला असेल तरच श्वास घेई, आणि भिंतीत खटका एकच, तोही फ्रीजच्या ताब्यात. रखमाबाईसाहेबांनी करार घातला की, दुपारी घर निजेल तेवढा वेळ फ्रीज बंद ठेवावा, परंतु चहाचे वेळेस दूध फाटलेले आढळल्यास मोहीम तेथेच आटोपावी. ऐसे एक कान दुधाकडे ठेवून विद्यार्जन सुरू जाहले.

ग्रंथकर्त्याने क्लास आणि ऑब्जेक्ट हे दोन सरदार प्रथम पुढे केले, आणि त्यांची ओळख पटावी म्हणोन कुत्रे आणि मोटारी यांचे दाखले दिले. ते मयुराबाईंस लागू पडले नाहीत. मग त्यांस डहाणूचे फुग्यांचे कारखाने आठवले, की साचा एक आणि फुगे अगणित, परंतु आतील हवा ज्याची त्याची. साचा तो क्लास, फुगा तो ऑब्जेक्ट. इतके उमजताच त्यांनी खूश होऊन एक चकती तोंडात टाकिली, आणि पुढील मुलूख बिनलढाईचा मिळेल ऐसा त्यांचा समज जाहला.

तो समज स्वाध्यायापाशी फिरला. हुकूम ऐसा होता की, घरातील माणसांचा क्लास करावा, प्रत्येकाचे नाव आणि आवडीचा चहा त्यात ठेवावा, आणि सर्वांची यादी पडद्यावर छापून दाखवावी. मयुराबाईंनी मानमरातब पाहून क्रम लाविला. प्रथम गोविंदराव, मग रखमाबाईसाहेब, मग जतीनराव, आणि सर्वांशेवटी स्वतः, कारण त्या घरी पंगतीसही त्या शेवटीच बसत. आपल्या नावापुढे काय लिहावे येथे बोट क्षणभर अडखळले. मग हे पुस्तकापुरतेच आहे, कोण वाचितो, ऐसे मनी आणून त्यांनी दोन चमचे साखर लिहिली.

परंतु प्रोग्राम तपासणारा जो कंपायलर, तो त्या दरबारचा मोठा खाष्ट कारभारी. त्याने तांबड्या अक्षरात कळविले की, नाव आणि चहा ही स्टॅटिक नसता त्यांस येथून हाक मारिता येत नाही. मयुराबाईंनी पुस्तक चाळिले. स्टॅटिक म्हणजे सामाईक, साऱ्या क्लासात मिळून एकच, ऐसा अर्थ निघाला. त्यांस त्यात वावगे काही दिसले नाही. ज्या घरी कंगवा एक, टॉवेल एक, चार्जर एक आणि चहाचे पातेलेही एक, त्या घरच्या सुनेने सामाईकास का भ्यावे? मग त्यांनी दिसेल त्या चिजेपुढे स्टॅटिकची पदवी लाविली, आणि कंपायलर तत्काळ निमूट जाहला. मग प्रोग्राम चालविला, आणि पडद्यावर चार ओळी उमटल्या. पहिली, मयुरा, दोन चमचे साखर. दुसरी, मयुरा, दोन चमचे साखर. तिसरी तीच, आणि चौथीही तीच.

तमाम घर मयुरा जाहले. गोविंदराव उरले नाहीत, रखमाबाईसाहेब उरल्या नाहीत, नवरा होता तोही मयुरा जाहला.

इतक्यात श्रीमंत गोविंदराव निजेतून उठोन पाणी पिण्यास आले आणि पडदा पाहते जाहले. त्यांनी चष्मा लाविला, पहिली ओळ वाचिली, आणि मुखावर ऐसे तेज चढले की जैसे लग्नानंतर कोणी पाहिले नव्हते.

"यातला मी कितवा?"

"पहिला, पप्पा. पण ते चुकलंय."

"चुकलंय कसं? कॉम्प्युटर कधी चुकतो काय? दोन चमचे लिवलंय तर दोन चमचे. आता मशीनच बोलतंय, मी कोण नाय म्हणणारा?"

ऐसे बोलोन श्रीमंत माळ्याची शिडी शोधू लागले. त्या खडखडाटाने रखमाबाईसाहेब जाग्या जाहल्या आणि खासा स्वारी करोन शिडी जप्त केली. मग जतीनराव आले. त्यांनी कॉमर्स केले होते, तरी लॅपटॉपचे मालक म्हणोन सल्ला देणे त्यांस प्राप्त जाहले, की एकदा बंद करून चालू कर. मग बंद करून चालू केला, आणि घर पुन्हा मयुराच निघाले. तेव्हा ते म्हणाले, "अगं, पप्पांना शेवटी टाकून बघ." सल्ला वेडगळ होता, परंतु बुडत्याने काडी पाहू नये कैसी आहे ती. मयुराबाईंनी गोविंदराव उचलोन तळास घातले आणि प्रोग्राम चालविला, तो चारही ओळींत गोविंदराव, बिनसाखरेचा.

हे पाहून जतीनराव हसले, आणि श्रीमंत शिडीकडे पाहून हिरमुसले. मयुराबाई प्रथम हसल्या, आणि मग त्यांचे डोळे भरोन आले. हे तर आपलेच घर, ऐसे त्यांस वाटले, की एकाची साखर बंद जाहली आणि सर्वांचा चहा तोच ठरला. जागा एकच, म्हणोन जो शेवटी येईल तो आधीच्या सर्वांस पुसून टाकील. माणसे चार केली तरी पातेले एकच ठेविले, हीच चूक. फुग्यांत हवा ज्याची त्याची असते, हे आपणच म्हटले होते.

मग त्यांनी गोविंदरावांस पुन्हा मानाच्या पहिल्या जागी बसविले, आणि नाव व चहा या दोहोंवरील स्टॅटिकची पदवी काढोन घेतली. कंपायलर पुन्हा तांबडा होऊन धावला. परंतु या वेळी मयुराबाई डगमगल्या नाहीत, कारण त्याचे म्हणणे त्यांस प्रथमच कळले. तो कारभारी इतकेच पुसत होता की, नुसता चहा चहा काय करिता, कोणाचा चहा ते सांगा. मग त्यांनी प्रत्येक ठिकाणी माणसाचे नाव आधी घातले, आणि चहा मागाहून. प्रोग्राम चालला. गोविंदराव, बिनसाखरेचा. रखमाबाई, गवती चहा घालून. जतीन, आले जास्त. मयुरा, दोन चमचे साखर.

रखमाबाईसाहेब शिडी धरोन उभ्याच होत्या. त्यांनी यादी वाचिली, आणि शेवटची ओळ पुन्हा वाचिली.

"तू साखर घेतेस?"

"घ्यायचे, आई. पूर्वी."

"मग एवढी वर्षं बोलली का नाय?"

मयुराबाईंनी लॅपटॉपची तार काढोन फ्रीजची लाविली. साहेब शिडी भिंतीस टेकवून मुदपाकखान्यात गेल्या, फ्रीज उघडोन दूध पाहिले, आणि नेहमीचा चहा टाकिला. दूध फाटले नव्हते.

परीक्षेचे दिवशी मयुराबाई तळहातावर दही घेऊन निघाल्या आणि एस.टी.ने डहाणूस दाखल जाहल्या. प्रोग्राम वेगळा आला, पुस्तकांचा आणि वाचनालयाचा, परंतु त्यांनी ज्याचे त्याचे नाव आधी घालोन तो बिनधोक चालविला. मग तोंडी परीक्षेस मुंबईकडील परीक्षक बसले होते, त्यांनी पुसिले की स्टॅटिक म्हणजे काय. पुस्तकातील व्याख्या ऐन वेळी फितूर होऊन पळाली. तेव्हा मयुराबाईंनी घरचे पातेले पुढे केले, आणि सारे घर मयुरा कैसे जाहले, मग सारे घर गोविंदराव कैसे जाहले, ते साद्यंत सांगितले. परीक्षक हसता हसता पेन खाली ठेवते जाहले.

"बरं, आता खरं सांगा. तुमचा चहा कसा?"

"दोन चमचे साखर," मयुराबाई म्हणाल्या. मोठ्याने ऐसे त्या लग्नानंतर प्रथमच बोलल्या, आणि त्यांस फार बरे वाटले.

निकाल चिकूच्या ऐन तोडणीत लागला. जतीनरावांनी झाडाखाली उभे राहून मोबाईलवर पाहिला आणि पास ऐसे ओरडले, तेव्हा वाडीतील कावळे उडाले. पत्रिकेवर छापिलेले अक्षर खरे जाहले. मयुराबाई चकत्यांच्या टेबलापाशी बसोन रडल्या, आणि त्यांस कोणी उगी केले नाही, कारण ते रडणे चांगले होते.

मग रखमाबाईसाहेबांनी शिडी लाविली, खासा माळ्यावर चढल्या, आणि कैदेतील डबा खाली आणिला. ओला चमचा लागून आतील साखरेचा दगड जाहला होता, तो त्यांनी बत्त्याने फोडिला. दुसऱ्या शेगडीवर एक धाकटे पातेले चढले. फर्मान ऐसे की, हे पातेले मयुराचे, खासगी, यास कोणी परभारे हात लावू नये, लागल्यास मयुरेस पुसावे. श्रीमंत गोविंदरावांनी त्याच क्षणी रीतसर पुसिले.

"सूनबाई, एक घोट?"

"नाही, पप्पा," मयुराबाई म्हणाल्या, आणि कप दोन्ही हातांनी धरोन प्याल्या.

येणेप्रमाणे फत्ते जाहली ती लिहिली. मोर्तब करावयास शिक्का नव्हता, म्हणोन मयुराबाईंच्या कपाचे ओले बूड कागदावर टेकविले. तो गोल डाग चिकट आहे, ऐसे वाचणाराने बोट लावून पाहावे.