वाळूच्या तोफेची आणि फुटाणेवाल्यांच्या सायकलीची हकीकत

॥ श्री ॥ वायूस नमन, लोहास नमन, आणि जो गंज लोखंडास बसल्या जागी खातो त्यासही चार हात दुरून नमन, कारण तो नसता तर ही हकीकत लिहिण्याचे कारणच पडते ना. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर. नाव क्रोधी खरे, परंतु या राज्यात ते वर्ष हसण्याखिदळण्यात गेले, आणि कसे गेले ते स्वस्थ चित्ते ऐकावे. राज्याचे नाव सांगण्याची परवानगी नाही. इतकेच सांगतो की पुढे लोखंडी फाटक, मागे परसात कढीपत्त्याचे झाड, आणि उजवे अंगास गॅरेज नामे किल्ला. किल्ल्यात मोटार ठेवावी अशी जगाची चाल आहे, परंतु तेथे मोटार कधी शिरली नाही, कारण आत राजे काशिनाथराव यांचे सामान. राजे पाटबंधारे खात्यात नकाशे आखून निवृत्त जाहलेले, अंगाने सडपातळ, स्वभावे हौशी, आणि खोड एकच की 'हे बाहेरून करून आणू' असे कोणी म्हटले की त्यांस जिव्हारी लागावे. राणीसाहेब इंदुमतीबाई या फुटाणेवाल्यांच्या कन्या. त्यांचे वडील तापल्या वाळूत हरभरे भाजीत, आणि सायकलीस दोन्ही बाजूंनी पोती बांधून तालुक्याचे बाजार करीत, आणि त्या फुटाण्यांवर दोन लेकरे शिकली, थोरले जनार्दनराव आणि धाकट्या इंदुमतीबाई.

वडील वारले ते समयी जनार्दनराव शहरी चौथ्या मजल्यावर राहत, सायकल ठेवण्यास जागा नाही, म्हणोन ती बहिणीकडे आली आणि किल्ल्यात गोणपाटाखाली बारा वर्षे राहिली. त्या बारा वर्षांत गंजाने आपला अंमल बसविला. मग भाद्रपदात गौरीच्या जेवणास जनार्दनराव आले. त्यांनी नवा बंगला बांधिला होता, दिवाणखान्याची भिंत मोठी थोरली, आणि तीवर वडिलांची सायकल टांगून वरून दिवे सोडावे असा त्यांचा मनसुबा. त्यांनी गोणपाट उचलिले आणि सायकल पाहिली, आणि पुरणाची पोळी पोटात असता तोंड कडू जाहले. म्हणाले, "इंदे, बाबांच्या सायकलीचं हे काय करून ठेवलंस गं?" इंदुमतीबाईंचे डोळे भरून आले, आणि पदर दातांत धरून उभ्या राहिल्या. लहानपणी त्या नळीवर बसून बाजारास जात, शेजारी गरम पोत्याची ऊब लागे, ती सायकल घरातून गेली तर बाबा दुसऱ्यांदा गेले असे त्यांस होणार, हे काशिनाथराव जाणून होते. जनार्दनराव म्हणाले, "दाजी, मी टेम्पो पाठवतो. शहरातून साफ करून घेतो." बाहेरून म्हणताच राजे तडकले आणि भरल्या पंक्तीत बोलून गेले, "दसऱ्याला चारच्या ठोक्यापर्यंत सांगाडा पांढराशुभ्र करून दाखवतो. नाही झाला तर खुशाल घेऊन जा, दादासाहेब. मी फाटक उघडून देईन." शब्द गेला. इंदुमतीबाईंनी यजमानांकडे ऐसे पाहिले की त्यात आशाही होती आणि धाकही.

मग मसलत जाहली. काचकागदाने घासावे तर नळ्यांचे सांधे, कोनेकोपरे हाती लागत नाहीत. ॲसिडात बुडवावे तर राणीसाहेबांच्या तुळशीस धोका. राजे आठ दिवस मोबाइलवर जगभरचे कारागीर पाहत बसले आणि नवव्या दिवशी चहा घेता घेता म्हणाले, "सँडब्लास्टिंग!" हवेच्या जोरावर वाळू मारावी आणि गंज उडवावा, आणि धूळ बाहेर न यावी म्हणोन ते सर्व बंद पेटीत करावे, ऐसा हा प्रकार. तयार पेटीची किंमत ऐकून राजांनी फोन पालथाच ठेविला. तेव्हा त्यांची नजर माळ्याखालच्या जुन्या लोखंडी कपाटावर गेली. सहा फूट उंच, दार वाकडे, आत लग्नातल्या पितळी भांड्यांशिवाय काही नाही. कपाट आडवे पाडिले तर अख्खा सांगाडा निजेल, हे त्यांनी फुटपट्टीने मापून पाहिले, आणि आनंदे कपाटावरच थाप मारिली ती हात झिणझिणेपर्यंत.

पितृपक्षात आरंभ नको म्हणोन फक्त साहित्य जमविले. पंक्चरवाल्याकडून जुना कंप्रेसर आणिला, तो सुरू होता सगळ्या आळीस कळावे असा. वाळू नदीची आणू म्हणाले तर हार्डवेअरच्या दुकानदाराने हात जोडिले, "साहेब, साधी वाळू नका वापरू. तिची धूळ फुप्फुसात बसते, ती मग निघत नाही. हे गार्नेट घ्या." तेव्हा तांबूस, बारीक, रवाळ अशी गार्नेटची दोन पोती आणि नाकातोंडास चांगला मास्क घेतला. मग घटस्थापनेच्या मुहूर्ते कामास हात घातिला. घरात घट बसले आणि किल्ल्यात कपाट आडवे जाहले. दारास खिडकी पाडून काच बसविली. खाली दोन भोके पाडून त्यांत खांद्यापर्यंतचे रबरी हातमोजे घट्ट आवळले, म्हणजे हात आत आणि मनुष्य बाहेर. तळास उतरते पत्रे लाविले, की मारलेले गार्नेट घरंगळत पुन्हा बादलीत यावे आणि तेथून गन नामे तोफेने ते पुन्हा ओढावे. दिवा आत सोडिला. धूळ ओढण्यास घरचा व्हॅक्यूम क्लीनर लाविला, त्याबद्दल राणीसाहेबांची लेखी नव्हे परंतु कडक तंबी की दिवाळीआधी स्वच्छ करून मिळाला पाहिजे. अष्टमीस फटाक्याच्या आवाजात कंप्रेसर भरला आणि राजांनी एक गंजकी बिजागरी आत धरिली. चाप ओढिला, सर्रर्र जाहले, आणि काचेपलीकडे गंज धुरासारखा उडून बिजागरी चांदीसारखी निघाली. राजांनी ती ताटलीत घालून स्वयंपाकघरात नेली. इंदुमतीबाईंनी पिठाच्या हातांनी उचलून पाहिली आणि म्हणाल्या, "अहो, हे आपलं कपाट करतंय?" त्या दिवशी राजांस दोन वाटी शिरा अधिक मिळाला.

खंडेनवमी उजाडली. हत्यारांची पूजा. पेटीस हळद कुंकू लाविले, कंप्रेसरास झेंडूचा हार, गनला आंब्याचा डहाळा, आणि राजांनी सोवळ्याने नारळ उचलून पेटीच्या कोपऱ्यावर असा फोडिला की एका फटक्यात दोन शकले. पाहण्यास जमलेल्या आळीने वाहवा केली. मग सांगाडा आत निजविला, राजांनी हातमोज्यांत हात घातिले, चाप ओढिला, आणि तोफ फुस्स म्हणाली. पुन्हा ओढिला. फुस्स. नुसती हवा येते, गार्नेट येत नाही. राजांनी गन उलगडली, फुंकली, पाइप झटकला, कंप्रेसरातील पाणी काढिले, त्यास दोन शब्द सुनावले, तरी तोफ बोलेना. दुपार टळली. हार सुकले. दसऱ्यास एक दिवस उरला आणि राजे किल्ल्यात स्टुलावर बसून राहिले. त्यांस टेम्पो दिसू लागला, दोर दिसू लागले, आणि फाटक आपल्याच हाताने उघडताना आपण दिसू लागलो. शब्द गेला याचे दुःख होतेच, परंतु बायकोस काय सांगावे हे दुःख मोठे होते.

इंदुमतीबाई चहा घेऊन आल्या. पेटीखालच्या बादलीत हात घातिला, चिमूट उचलिली, बोटांत चोळिली, नाकाशी नेली. मग म्हणाल्या, "नारळ कुठं फोडला तुम्ही?"

"पेटीवर. का?"

"पाणी कुठं गेलं?"

राजांनी कोपरा पाहिला. दाराच्या फटीतून नारळाचे पाणी सरळ आत, पत्र्यावरून घसरत, नेमके बादलीत. नारळ भरला होता हो. राजे म्हणाले, "अगं, पण पूजा..." राणीसाहेब म्हणाल्या, "पूजा झाली, देवाला पोचली. आता वाळू चिकट झालीय, गुठळ्या धरल्यात तिनं. गोड आहे ती, नुसती तापवाल तर काळी पडून आणखी चिकटेल. व्हा बाजूला." आणि पदर खोचला. त्या घडीपासून किल्ल्याची सूत्रे त्यांजकडे गेली, आणि राजांनी ती आनंदे दिली.

मग काय सांगावे! बादलीतले सारे गार्नेट परसात आले. टपात तीन पाणी धुतले, चौथ्या पाण्यास बोट ओले करून जिभेस लाविले आणि 'गेली गोडी' म्हणोन हुकूम सुटला. फडक्यात बांधून रात्रभर टांगून निथळले. दसऱ्याच्या पहाटे चार विटांची चूल मांडिली, आणि माळ्यावरून वडिलांची काळीभोर लोखंडी कढई खाली आली, जी भाच्याच्या मुंजीसही कोणास दिली नव्हती. गार्नेट कढईत पडले आणि इंदुमतीबाई दोन्ही हाती लांब झारा घेऊन ते परतू लागल्या. खांदा वळला की मनगट वळे, ऐसे एका लयीत. काशिनाथरावांनी पस्तीस वर्षांच्या संसारात बायकोस ऐसे काम करताना पाहिले नव्हते. ती त्यांस फार सुंदर दिसली, आणि तसे ते बोललेही. त्या म्हणाल्या, "धूर लागतोय डोळ्याला, सरका जरा." मग मूठभर हरभरे कढईत टाकिले. राजे घाबरले, "अगं, हे खायचे नाहीत!" "खायला कोण घालतंय? वाळू कोरडी झाली का ते हेच सांगतात. ओल असली तर हरभरा नुसता वाफलतो, फुटत नाही." एक क्षण सर्व निवांत. मग एक फुटला. मग दुसरा. मग कढईभर ताडताड ऐसा आवाज की कावळे कढीपत्त्यावरून उठले, आणि इंदुमतीबाई झारा वर करून ओरडल्या, "झाली!" गार्नेट निवविले, मास्क लावून चाळणीने चाळले, फुटाणे वेगळे काढिले, आणि बादली भरली. तोफेचा चाप ओढिला तों सर्रर्र! किल्ल्यातून असा जयघोष जाहला की पंक्चरवाला आपला कंप्रेसर फुटला की काय म्हणोन पाहण्यास आला.

परंतु वेळ गेला होता. कंप्रेसर जुना, पाच मिनिटे मारावे तर दहा मिनिटे त्यास दम खाऊ द्यावा लागे. चार वाजता फाटकापाशी टेम्पो थांबला आणि जनार्दनराव दोर घेऊन उतरले. सोने दिले घेतले, गळाभेट जाहली, आणि मग किल्ल्यात आले. पुढचा अर्धा सांगाडा पांढराशुभ्र, मागचा अर्धा तसाच तांबडा. जनार्दनराव म्हणाले, "दाजी, मेहनत दिसतेय. पण शब्द तुमचाच होता." काशिनाथरावांनी हात काढिले. घाम पुसला. "हो, शब्द माझाच," म्हणाले आणि फाटकाकडे जाण्यास निघाले. तेव्हा इंदुमतीबाई आडव्या आल्या आणि म्हणाल्या, "दादा, ने. पण नेण्याआधी एकदा आत हात तर घाल."

"मी कशाला?"

"घाल म्हणते ना."

जनार्दनरावांनी अंगठ्या काढिल्या, हातमोज्यांत हात घातिले, डोळे काचेस लाविले, आणि चाप ओढिला. गंज सरकला. खालून लोखंड वर आले. जनार्दनराव म्हणाले, "आयला!" मग चाप सोडीनात. टेम्पोवाला विचारण्यास आला, त्यास मागे न वळताच "थांब जरा" म्हणाले. अर्ध्या तासाने पुन्हा आला, त्यास चहा पाजून परत पाठविले. बहीण म्हणाली, "आता मला दे." बंधू म्हणाले, "एवढा सांधा होऊ दे." ऐसे बंधू बासष्ट वर्षांचे आणि भगिनी अठ्ठावन्न वर्षांच्या, हातमोज्यासाठी भांडू लागले. तों आडव्या नळीवर, जुन्या रंगाखाली भरलेली रंगाऱ्यांची पुट्टी निखळून उडाली आणि एक खोल पोचा उघडा पडला. दोघेही एकदम म्हणाले, "हे तुझ्यामुळं!"

पोचा असा की एकदा दोघांनी बाबांस न विचारता सायकल काढिली होती, आणि ती उतारावरून थेट जनावरांच्या हौदावर घातिली होती. कोण चालवीत होते याविषयी उभयतांत अद्यापि एकमत नाही. बाबा रागावतील म्हणोन दोघे दिवसभर जेवले नव्हते. बाबा एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी पोचा गुपचूप बुजवून वर रंग दिला, आणि पोरांस वाटले की त्यांस कळलेच नाही. जनार्दनरावांनी काचेवरून डोळे काढिले ते ओले होते, आणि त्यांनी ते लपविले नाहीत. म्हणाले, "इंदे, म्हाताऱ्याला सगळं माहीत होतं गं. आणि मी ही सायकल भिंतीवर टांगणार होतो."

तिन्हीसांजेस सांगाडा पुरा पांढरा जाहला. उघडे लोखंड हवेने पुन्हा गंजते, म्हणोन काशिनाथरावांनी लगोलग प्रायमर मारिला, मेहुण्यांनी दिवा धरिला. पोचा बुजविला नाही, त्यावर नुसता रंग चढला. पुढे पंधरा दिवसांत चाके, साखळी, सीट लागली आणि भाऊबिजेस जनार्दनराव ओवाळणीस आले. बहिणीने ओवाळिले, बंधूंनी तबकात नवी घंटी घातिली आणि विचारिले, "बसतेस?" इंदुमतीबाई पैठणी सावरून कॅरियरवर बसल्या. जनार्दनरावांनी पायडल मारिले. सायकल डावीकडे गेली, उजवीकडे गेली, फाटकातून कशीबशी निघाली, आणि आळीतून दोघांचा आवाज उठला, "गर्रमागरम फुटाऽऽणे!" खिडक्या उघडल्या. राजे काशिनाथराव फाटकात एकटे उभे राहून हसत होते, तों वळणावरून राणीसाहेबांची हाक आली, "अहो, उभे काय राहिलात? धरा मागून, पाडतोय हा मला!"

येणेप्रमाणे घडले. एक कपाट कामी आले, एक नारळ नडला, आणि सायकल कोणाची या तंट्याचा निकाल आजवर कोणी मागितला नाही. सायकलीवर दोघे होते, आणि पाटबंधारे खात्याचे निवृत्त नकाशेदार, पायात एक चप्पल, कॅरियर घट्ट धरून मागे धावत होते. लेखनसीमा.