बाराव्या पानावर मामा मरतो

“बाराव्या पानावर? आमचा ओडेल बाराव्या पानावर मरतो? अरे, तेवढ्या वेळात थेटरात लोकांची खुर्ची शोधून होत नाही.”

व्हर्लीनमावशीनं स्क्रिप्टचा गठ्ठा माझ्या छातीवर आपटला, जणू सिनेमा मीच लिहिला होता. मी म्हटलं, मावशी, मी फक्त गाड्या अडवतो. ते खरंच होतं. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरचं मोठं पांढरं घर भुताच्या सिनेमावाल्यांनी भाड्यानं घेतलेलं. शूटिंग चालू असताना गाडी आली की पिवळं जाकीट घालून हात आडवा करायचा, एवढंच माझं काम. शाळा सोडल्यापासूनचं चौथं. आधीची तीन का गेली ते विचारू नका, तिन्ही ठिकाणी चूक त्यांची होती.

ओडेलमामा शाळेची बस चालवतो. चर्चच्या गाण्यात त्याचा आवाज सगळ्यात खालचा, एवढा की बाक थरथरतात. सिनेमावाल्यांच्या ट्रकमुळे बस वळेना, तेव्हा तो असा गरजला की दिग्दर्शकानं भांडण विसरून त्याला कामच दिलं. पहारेकऱ्याचं. तळघरात काहीतरी वाजतं, पहारेकरी कंदील घेऊन एकटाच खाली जातो, खेळ खलास.

तुम्ही म्हणाल, सिनेमातच मरतोय ना, मरू दे. पण भुताच्या सिनेमात आम्हा काळ्या माणसांचं काय होतं ते आम्हाला विचारा. आपला माणूस पडद्यावर दिसला की मावशी घड्याळ बघते. कॉलेजातली गोरी पोरं किंचाळत, एकमेकांच्या गळ्यात पडत शेवटपर्यंत टिकतात. आमचा गडी आवाज कसला म्हणून बघायला जातो तो जातोच. मग आमच्याकडे रिवाजच आहे, आपला माणूस मेला की उठायचं. पुढचं बघायचं नाही. टीव्ही बंद, ताटं घ्या. मी भुताचे दीडशे सिनेमे बघितले असतील, शेवट एकाचाही माहीत नाही.

आणि मामानं तर रविवारी चर्चमध्ये उभं राहून सांगून टाकलेलं, या वेळी कुणी उठायचं नाही, मी शेवटपर्यंत आहे. दोन बस भरून माणसं सिनेमाला येणार होती. बारावं पान त्याला तेव्हा माहीत नव्हतं. आता तो खुर्चीत बसून स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत होता.

“टेव्हियन,” तो म्हणाला, “तुला यातलं कळतं. काहीतरी कर, मला जगव.”

एवढा मोठा माणूस असं बोलला की माझी छाती फुगते. मी म्हटलं, मामा, सिनेमाच्या शेवटच्या चौकटीत तूच असशील, शब्द देतो. मी ते स्क्रिप्ट बारकाईनं वाचलं होतं. म्हणजे बारा पानं. तेरावं उलटलं नव्हतं. आपला माणूस मेल्यावर वाचायचं कशाला?

दिग्दर्शक ब्रँटली, हडकुळा गोरा पोरगा. कुणाला वाईट वाटेल या भीतीनं तो प्रत्येक वाक्याआधी माफी मागायचा. मी त्याला गाठलं. म्हटलं, साहेब, आमच्यातला एकही माणूस त्या तळघरात उतरणार नाही. तो म्हणाला, माफ कर, पण तो पहारेकरी आहे. मी म्हटलं, दाराचा पहारेकरी, मरणाचा नाही. तो म्हणाला, पण खालून आवाज येतो. मी म्हटलं, म्हणूनच. तो डोकं खाजवायला लागला. म्हणाला, सगळी गोष्टच त्या मरणावर उभी आहे, तू पुढचं वाचलंस का? माझं डोकं तापलं. तुमचं पुढचं तुमच्याजवळ ठेवा, मी गरजेपुरतं वाचलंय, असं सुनावून निघून आलो. भांडणात शेवटचा शब्द माझा झाला की मला जिंकल्यासारखं वाटतं.

तरी गुरुवारी सकाळी दहाला मरण ठरलंच. समोरच्या हिरवळीवर मावशी आणि चर्चची सगळी गाणारी मंडळी घडीच्या खुर्च्या, छत्र्या, तळलेल्या कोंबडीचे डबे घेऊन हजर. दार उघडं होतं, त्यामुळे कंदील घेतलेला मामा तिथून स्पष्ट दिसत होता.

कॅमेरा सुरू झाला. तळघराचं दार करकरलं. मामानं पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि मावशी हिरवळीवरून ओरडली, “ओडेल, गाढवा, आत जाऊ नकोस.”

कट. ब्रँटली माफी मागत आला, शांत राहा म्हणाला. मावशीनंही माफी मागितली. दुसऱ्या वेळी मावशी गप्प राहिली, बाकीचे बावीसजण ओरडले. तिसऱ्या वेळी पाद्रीबाबाच म्हणाले, बाळा, मागं फीर. त्यांचा तरी काय दोष? जन्मभर पडद्याकडे बघून जे ओरडलो, ते एकदाही कुणी ऐकलं नव्हतं. इथं माणूस खरंच मान वळवून बघत होता. सहाव्या वेळी सगळ्यांनी तोंडात रुमाल कोंबले. मी रस्त्याच्या मधोमध हात आडवा करून उभा होतो, आणि मागून ‘धाड’ असा आवाज आला.

मी वळून बघितलं तर मामा घराबाहेर. कंदील हातात, गुडघे छातीला लागतायत, पहारेकऱ्याची टोपी हवेत.

आता आमच्यात एक नियम आईच्या दुधातूनच येतो. आपली माणसं पळताना दिसली की आधी पळायचं, कारण नंतर विचारायचं. हिरवळ रिकामी झाली. पत्रं वाटणारी बाई थैली टाकून पळाली. न्हाव्याच्या दुकानातून अर्धं डोकं भादरलेला माणूस गळ्यातलं फडकं उडवत पळाला. सिनेमावाल्यांची स्वयंपाकीण आमच्यातलीच, ती झाऱ्यासकट. मीही पळालो, हात तसाच आडवा धरून. गोरी मंडळी मात्र बस चुकल्यासारखी एकमेकांची तोंडं बघत तिथंच उभी राहिली.

चर्चच्या आवारात पोचल्यावर सगळे वाकून धापा टाकायला लागले. मग कोण म्हणे गॅस फुटला. कोण म्हणे गांधीलमाश्या. अर्ध्या डोक्याचा माणूस म्हणाला, मी स्वतः कुत्रा बघितला, वासराएवढा. पाद्रीबाबांनी विचारलं, पण आधी पळालं कोण? सगळ्यांनी मामाकडे बोट केलं.

मामा म्हणाला, “मी कुठं? धाड झालं, बाहेर बघितलं तर ताई उभी राहून पळायच्या बेतात. ताई पळते म्हणजे काहीतरी असणारच.”

मावशी म्हणाली, “मी पळत नव्हते. ओरडायला उठले तर खुर्ची उलटली. तू पळालास म्हणून मी पळाले.”

म्हणजे धाड झाली ती खुर्ची. मग तो कुत्रा कुठला? यावर पंधरा मिनिटं वाद झाला, आणि कुत्र्याच्या बाजूला चारजण वाढले.

तेवढ्यात ब्रँटली धावत आला. मला वाटलं, गेली चौथी नोकरी. पण त्याचे डोळे पाण्यानं भरलेले. म्हणाला, माफ करा, पण इतकी खरी भीती मी कधी बघितली नव्हती. कॅमेरा चालूच होता. आता असंच ठेवायचं, पहारेकरी पळून जातो. निर्मात्यांनाही तो तुकडा पाठवला, ते खूश आहेत.

आवारात काय जल्लोष झाला म्हणता. मावशीनं ब्रँटलीला असं कवटाळलं की त्याचा चष्मा वाकला. मी कॉलर ताठ केली. शब्द दिला होता, पाळला.

मामानं ब्रँटलीला हळूच विचारलं, “मग आता मी कुठल्या पानापर्यंत आहे?”

“बाराव्या.”

“पण मी मरत नाही ना?”

“नाही नाही. तुम्ही जिवंत आहात. कुठेतरी. सिनेमाच्या बाहेर.”

मावशीनं ब्रँटलीला सोडलं. मग ब्रँटलीनं, तीनदा माफी मागून, पुढचं सांगितलं. पहारेकरी मरतो तिथून तर गोष्ट सुरू होणार होती. तेराव्या पानापासून त्याचं भूत घरभर फिरतं, खालच्या आवाजात गातं, पोरांना वाचवतं, दुष्टाचा जीव घेतं. शेवटच्या चौकटीत तेच एकटं उभं असतं. मेला असता तर मामा शेवटपर्यंत होता.

सगळी माथी एकदम माझ्याकडे वळली. कुत्रा बघितलेला माणूससुद्धा.

मामा ब्रँटलीचा हात धरून म्हणाला, साहेब, मला मारा. कसंही मारा, पण मारा. ब्रँटली रडवेला झाला. पळणं इतकं छान जमलंय की काढता येत नाही. पण भूत तर हवंच, कुणीतरी मरायलाच हवं. असं म्हणत त्यानं सगळीकडे बघितलं, आणि त्याची नजर माझ्या पिवळ्या जाकिटावर थांबली. पहारेकऱ्याचा मदतनीस, म्हणाला. मावशी लगेच म्हणाली, घ्या, याला घ्या, आमची हरकत नाही.

तर सध्या मी मेकअपच्या खुर्चीत बसलोय. अर्धा चेहरा निळा आहे. भुताची अकरा गाणी आहेत आणि माझा आवाज मांजर दारात सापडल्यासारखा. मामा माझ्याशी बोलत नाही. घरी वेगळाच तंटा पेटलाय, मेलेला माणूस पडद्यावर चालतोय म्हणजे मावशीनं उठायचं की बसायचं? पाद्रीबाबांनाही सांगता येत नाहीये. मामा जगला की गेला, मी जाणार की राहणार, माझं मलाच कळेनासं झालंय.

निघतो आता. सिनेमात मला मारणारा माणूस दाराशी येऊन उभा आहे, जेवायच्या सुट्टीआधी त्याला माझं मरण उरकायचंय.