फॅमिली मागून येतेय

मासे सोडायचे असं सूर्यकांतच्या मनात कधीच नव्हतं. ते फक्त तोंडातून निघून गेलं, आणि निघालं तेव्हा समोर श्रुतिका होती, म्हणून परत घेता आलं नाही.

त्याआधीची हकिकत थोडक्यात अशी. सूर्यकांत तलासरीच्या एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक. राहायला डहाणू रोडला लागून मसोलीत. बायको लतिका शाळेत शिक्षिका. गेल्या जूनमध्ये तिची बदली पार मोखाड्याच्या पलीकडे झाली, तेव्हापासून ती शनिवारी जमलं तर यायची, नाही जमलं तर फोन करायची. घरात उरले दोघे, सूर्यकांत आणि अकरावीतली श्रुतिका. बापलेकीला एकमेकांशी बोलायची फारशी सवय नव्हती, कारण आजवर ते खातं लतिकाकडे होतं. पण रविवार होता. रविवारी नरपडची मासेवाली संगीता दारात टोपली उतरवायची, सूर्यकांत मासे साफ करायचा, श्रुतिका तळायची आणि जेवताना काटे काढता काढता आठवड्याचं बोलणं होऊन जायचं.

मग एका रविवारी श्रुतिका म्हणाली, "बाबा, मी व्हेज होतेय. म्हणजे, बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?"

"ज्याचे डोळे दिसतात ते खाणार नाही. केक चालेल. जवळा चालेल."

इथे शहाण्या बापाने गप्प बसून जवळ्याची चटणी पुढे करायची. पण सूर्यकांतची सगळी नोकरी दुसऱ्यांच्या अर्जातल्या चुका काढण्यात गेलेली. तो म्हणाला, "जवळ्याला डोळे असतात. ते काळे ठिपके म्हणजे काय वाटलं तुला?"

श्रुतिकाने वाटी उजेडात धरून नीट पाहिलं. त्या दिवसापासून जवळाही गेला. (तत्त्वाचा विजय झाला; चटणी एकट्याला संपवावी लागली.)

पुढे तिला माशाचा वास सहन होईना. ती आधी जेवून घ्यायला लागली, मग ताट घेऊन खोलीतच जायला लागली. सूर्यकांत टीव्हीसमोर जेवायचा. टीव्हीवर चार माणसं एकमेकांवर ओरडायची, तेवढीच घरात वर्दळ. एकट्याने जेवणं त्याला कधीच जमलं नव्हतं. घास पोटात जायचा, पण जेवल्यासारखं वाटायचं नाही. असे काही दिवस काढल्यावर एका संध्याकाळी, खोलीकडे निघालेल्या श्रुतिकाच्या पाठीकडे बघत तो म्हणाला, "मी पण सोडले मासे."

ती वळली. "खरंच? माझ्यासाठी?"

या प्रश्नाला 'नाही' म्हणणारा बाप अजून जन्माला यायचाय. ती ताट घेऊन टेबलाशी येऊन बसली आणि पोळी मोडता मोडता कॉलेजात कोण कोणाशी का बोलत नाही ते सगळं तिने सांगितलं. दुधी भोपळा इतका चविष्ट असतो हे सूर्यकांतला त्या दिवशी कळलं.

आठवडाभर तो चविष्ट राहिला. मग तो दुधी भोपळा झाला.

तोवर रविवारी संगीता येऊन गेली होती. "नको," सूर्यकांत तिला म्हणाला, "सोडले आम्ही."

"माळ घातली काय साहेब?"

"तसंच काहीतरी," तो म्हणाला. (मुलीला जवळ्याचे डोळे दिसले, हे मासेवालीला कसं समजवायचं?) संगीताने टोपली डोक्यावर घेतली आणि माशांच्या बरोबरीने ही बातमीही मसोलीभर विकली. दुपारपर्यंत शेजारच्या वहिनी त्याला 'माउली' म्हणून हाक मारायला लागल्या. संध्याकाळी भजनी मंडळाचे दोघे येऊन टाळांचा जोड ठेवून गेले. आता डहाणूत कुठेही मासा तोंडात घालणं म्हणजे माळ बाटवणं, आणि ते श्रुतिकाच्या कानावर गेलं की ताट पुन्हा खोलीत.

तेव्हा सूर्यकांतने चारोटी गाठली. बुधवारी कचेरी सुटल्यावर तो चारोटी नाक्याला उतरायचा आणि पुढची गाडी मिळेपर्यंत हायवेवरच्या हॉटेलात बोंबील खायचा. तिथे एकच अडचण होती. एकट्या माणसाला बाहेरच्या बाकावर बसवायचे, हात धुवायच्या बेसिनशेजारी, आणि त्या बाकावरून सगळा रस्ता दिसायचा. म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्या डहाणूच्या प्रत्येक जीपला बाकही दिसायचा. आत पडदा लावलेली फॅमिली रूम होती. तिच्या दारावर लिहिलं होतं, 'फक्त फॅमिलीसाठी'.

"फॅमिली?" पहिल्याच बुधवारी लहान्याने विचारलं. लहान्या म्हणजे तिथला जुना वेटर.

"मागून येतेय," सूर्यकांत म्हणाला आणि पडद्याआड शिरला.

लहान्याने दोन ग्लास ठेवले, दोन ताटल्या ठेवल्या. फॅमिली काही आली नाही. पुढच्या बुधवारी पुन्हा तेच. मग लहान्याने विचारणं सोडून दिलं; सूर्यकांत आला की तो न बोलता दोन ताटल्या मांडायचा, आणि बोंबील वाढताना आवाजही जरा खाली आणायचा. सूर्यकांतला वाटलं, काय अदब आहे माणसाला.

असं व्यवस्थित चाललेलं असताना श्रुतिकानेच घात केला.

"बाबा, तू माझ्यासाठी एवढं केलंस. आज बाहेर जेवू," एका रविवारी ती म्हणाली आणि फोन पुढे केला. "हे बघ, चारोटीला. व्हेजचं किचन वेगळं आहे, पनीर मस्त आहे म्हणतात."

फोटोत तोच पडदा होता. सूर्यकांत म्हणाला, तिथे डास फार. मग म्हणाला, रस्ता खराब. मग म्हणाला, पनीर वातूळ. तोवर श्रुतिका हेल्मेट घालून स्कूटरवर बसलेली होती. आपणहून कोणाला तरी आपल्यासोबत जेवायला जायचंय, ही गोष्ट त्याच्या वाट्याला हल्ली इतक्या कमी वेळा यायची, की त्याच्याने पुढे नाही म्हणवेना.

हॉटेलात शिरताच लहान्या समोर. सूर्यकांतने डोळ्यांनी खूण केली. लहान्याने ती पाहिली आणि हळूच मान हलवून पडदा बाजूला केला. "या साहेब. तुमचंच टेबल."

"तुमचंच म्हणजे?" श्रुतिकाने विचारलं.

"सगळ्या गिऱ्हाइकांना असंच म्हणतात," सूर्यकांत घाईने म्हणाला.

लहान्याने तीन ग्लास ठेवले.

"काका, आम्ही दोघंच आहोत."

"आन मॅडम?"

"कोण मॅडम?"

"त्या येतात ना मागून," लहान्या म्हणाला. "दर बुधवारचं हाय ते."

श्रुतिकाने बापाकडे पाहिलं. बाप मेन्यूकार्डात शिरला होता, आणि ते उलटं होतं.

"ह्यांचा काहीतरी गैरसमज झालाय," कार्डामागून आवाज आला. "लहान्या, मी इथे पहिल्यांदाच येतोय की नाही?"

लहान्याने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा श्रुतिकाकडे. "ऱ्हाऊ द्या साहेब. नाय इचारत," तो अगदी मऊ आवाजात म्हणाला. मग श्रुतिकाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "बेबी, सांभाळ गं बापाला."

पनीर आलं. ते कसं होतं हे दोघांपैकी कोणीही सांगू शकणार नाही. परतीच्या वाटेवर श्रुतिका स्कूटरवर मागे सरकून बसली, मध्ये तिने आपली सॅक ठेवली. घरी आल्यावर ती खोलीत गेली आणि कडी घातली.

सूर्यकांत दाराबाहेर उभा राहिला. आता खरं सांगण्यावाचून इलाज नव्हता, आणि खरं इतकं हलकं होतं की ते सांगायचीच लाज वाटत होती. शेवटी तो दाराला तोंड लावून म्हणाला, "श्रुतिका, बाई नव्हती. बोंबील होते."

आतून आवाज आला, "बोंबलांसाठी कोणी पडद्याआड बसतं का, बाबा?"

"मी बसतो."

"मग ती मॅडम कोण?"

"कोणी नाही. एकट्याला आत बसू देत नाहीत म्हणून सांगितलं होतं."

"म्हणजे मासे सोडलेस म्हणालास तेही खोटं, आणि आता हेही. मी आईला फोन केलाय."

सूर्यकांतने स्वतः लतिकाला फोन लावला. सगळं ऐकून घेऊन ती एवढंच म्हणाली, "शनिवारी येतेय. मला त्या टेबलावर नेऊन बसवा." आवाज रागाचा होता की कसला, ते त्याला कळेना. मोखाड्याच्या पलीकडून येणाऱ्या आवाजात तेवढं कळायचं राहूनच जातं. तो आठवडा त्याने दुधी भोपळा, टीव्ही आणि बंद दार यांच्यात काढला. शेजारच्या वहिनींना वाटलं, माउलींचा उपास चाललाय.

शनिवारी तिघं चारोटीला उतरले. लतिका पुढे, श्रुतिका तिच्यामागे, आणि सूर्यकांत आरोपीसारखा सगळ्यात शेवटी.

लहान्या ग्लास घेऊन आला, लतिकाकडे बघत राहिला आणि ग्लास तसेच घेऊन परत गेला. थोड्या वेळाने हॉटेलचे मालक शैलेशभाई स्वतः आले. हातात श्रीखंडाच्या वाट्यांचा ट्रे. चेहरा लग्नघरातला.

"बसा बेन, बसा," ते लतिकाला म्हणाले. मग सूर्यकांतचा हात हातात घेतला. "साहेब, बहु सरस केलंत. गेलेला माणूस काय परत येत नाय. किती दिवस अशी वाट बघणार? बेबीला पण आई मिळाली."

लतिकाने सावकाश विचारलं, "कोण गेलेलं माणूस?"

"यांच्या पहिल्या मिसेस," शैलेशभाई आवाज खाली आणून म्हणाले. "दर बुधवारी साहेब इथे बसायचे. दोन ताटल्या. विचारलं की 'मागून येतेय' म्हणायचे, आणि कोण येत नसे. समोरच्या खुर्चीकडे बघत जेवायचे आणि डोळे पुसत उठायचे. मीच पोरांना सांगितलं, माणसाच्या मनावर परिणाम झालाय, दोन ताटल्या मांडत जा, विचारू नका."

"मी पहिलीच आहे," लतिका म्हणाली.

"हो हो बेन," शैलेशभाई समजूतदारपणे म्हणाले. "असंच समजून राहायचं."

ते गेल्यावर श्रुतिका हसायला लागली. लतिकाही हसली, हसता हसता तिने पदराने तोंड पुसलं आणि थांबली.

"डोळे पुसायचात?"

"इथला ठेचा तिखट आहे," सूर्यकांत म्हणाला.

ठेचा तिखट होताच. पण समोर दुसरी ताटली मांडलेली असली की तिच्यापुढे लतिका बसलीय, श्रुतिका काटे काढून ताटाच्या कडेला ठेवतेय, असं त्याला वाटायचं, आणि गाडीची वेळ झाली की दुसरी ताटली कोरडीच राहायची. हे त्याने बायकोला सांगितलं नाही. तिला ते कळलं असावं, कारण तिने बोंबील मागवले आणि पहिला त्याच्या पानात वाढला.

श्रुतिका खुर्ची जरा लांब ओढून पनीर खात होती. "एकट्याने जेवायला आवडत नाही, एवढं सांगायचं होतंस ना, बाबा," ती म्हणाली.

"ते सांगायला मी काय बालवाडीत आहे?"

पण त्या दिवशी सूर्यकांत पोटभर जेवला. भाताला दोनदा हाक गेली. रविवारी दुपारच्या गाडीने लतिका परत गेली. जाण्याआधी मायलेकींनी मिळून एक तोडगा काढला. बुधवारी बाबाने चारोटीला खुशाल मासे खावेत. श्रुतिका त्याच वेळी घरी जेवायला बसेल आणि व्हिडिओ कॉल लावेल. वास येणार नाही, सोबत होईल. सूर्यकांतला तोडगा इतका आवडला की बुधवारी कचेरीत त्याने कोणाच्याही अर्जात चूक काढली नाही.

संध्याकाळी तो फोन हातात धरूनच हॉटेलात शिरला. पडद्यापाशी लहान्या उभा होता. आत खोली रिकामी.

"फॅमिली?" लहान्याने विचारलं.

"ही काय." सूर्यकांतने फोन दाखवला. श्रुतिकाने हात हलवला. लहान्यानेही हलवला.

"बेबी हितं जेवंल?"

"नाही, ती घरी जेवतेय."

"मग बाहेर बसा साहेब."

"अरे, इतके दिवस मी आतच बसायचो ना?"

"तेव्हा मॅडम गेल्या होत्या," लहान्या समजावत म्हणाला. "मालक बोलले, गेलेल्या मानसाचं चालतं. फोनमधल्याचं नाय चालत."

सूर्यकांत बाकावर बसला, बेसिनशेजारी, दोन ट्रक ड्रायव्हरांच्या मध्ये. पाण्याच्या तांब्याला टेकवून त्याने फोन उभा केला. बोंबील आले, आज डोक्यासकट.

"बाबा, डोळे दिसतायत त्यांचे. कॅमेरा तिकडे कर ना," श्रुतिका म्हणाली.

त्याने फोन पलीकडे वळवला. आता त्याला फोनची पाठ दिसत होती आणि तिला बेसिन. ती घरी भाजी-पोळी खात होती, समोर एकामागून एक अनोळखी माणसं येऊन चुळा भरत होती, आणि अधूनमधून तिचा आवाज यायचा, "बाबा, हे काका तुझ्यासारखेच दिसतात रे." बाबा एकटाच जेवत होता.