सुपडू मिस्त्रींच्या गाठी

सुपडू मिस्त्रींच्या सदऱ्यावर, बरोबर मधोमध, एक आडवा तांबडा पट्टा असे. सदरा कोणताही असो, पट्टा तोच. "मिस्त्री, ही कुठल्या पलटणीची खूण?" असं कुणी विचारलं की ते म्हणत, "धोबी येडा शे."

"मग धोबी बदला की!"

"जुना शे. कसा बदलू?"

सुरतेच्या आमच्या ग्लायडिंग क्लबात ते विंच चालवत. ग्लायडरला इंजिन नसतं, हे मला तिथे गेल्यावरच कळलं. मैदानाच्या एका टोकाला ग्लायडर, दुसऱ्या टोकाला जुन्या ट्रकच्या इंजिनावर बसवलेला भलामोठा रीळ, आणि दोघांच्या मध्ये अर्धा मैल लांब पोलादी तार. हे यंत्र म्हणजे विंच. रीळ फिरला की ग्लायडर पतंगासारखा वर चढतो, आणि पुरेशी उंची आली की वैमानिक तार सोडून देतो.

ही तार अधूनमधून तुटे. मग मिस्त्री दोन्ही टोकांवर लहानशी नळी सरकवून ती ठोकून बसवत. या जोडाला ते गाठ म्हणत, आणि ज्याच्या उड्डाणात तार तुटली त्याचं नाव त्या गाठीला मिळे. दर रविवारी काम सुरू होण्याआधी ते अख्खी तार हातातून सरकवत चालत जात आणि मोठ्याने हजेरी घेत. "हाई डॉक्टरनी गाठ. हाई पटेलभाईनी. हाई बी पटेलभाईनी. वजन कमी करा, पटेलभाई!"

मला ते 'बी.ए.' म्हणत. आमच्या घराण्यात मी पहिला पदवीधर. वडील सुरतेतल्याच नवागामात कापडाच्या लूमवर कामाला होते, मिस्त्रीही पूर्वी तिथेच जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारे मुकादम होते. कॉलेजातल्या सरांच्या शिफारशीमुळे मला क्लबात सवलतीत शिकायला मिळालं. या उपकाराचं ओझं वाटून मी तिथे सगळ्यांनाच नमस्कार करत असे, एकदा तर चुकून विंचलाही केला. मिस्त्रींनी तेवढी एकच गोष्ट माझ्याबद्दल चांगली म्हणून सगळ्यांना सांगितली.

ते स्वतः कधी ग्लायडरमध्ये बसले नाहीत. वर पाहतही नसत. "वर काय देखनं? वर तार नै."

त्या रविवारी संध्याकाळी मी पहिल्यांदा एकट्याने उडणार होतो. मंगळवारी नाशिकला नोकरीवर हजर व्हायचं होतं, त्यामुळे पुढचा रविवार माझ्या नशिबी नव्हता. आधी आमचे शिक्षक मेहतासाहेब माझ्यासोबत एक चाचणी उड्डाण करायला बसले. आम्ही झाडांच्या उंचीवर पोचलो आणि टण् असा आवाज झाला. तार तुटली. साहेबांनी ताबडतोब ग्लायडरचं नाक खाली घातलं आणि आम्ही समोरच सुखरूप उतरलो. पण तारेचं उरलेलं टोक उसळून रिळावर पडलं होतं आणि तिथे सुगरणीच्या घरट्यासारखा गुंता झाला होता.

मेहतासाहेबांनी घड्याळाकडे नाही, सूर्याकडे पाहिलं. "सूरज आथम्यो एटले बंध, हां!" सूर्य मावळला की उड्डाणं बंद, हा क्लबाचा नियम होता.

पटेलभाईंनी बाह्या सरसावून गुंत्यातून एक टोक ओढलं. गुंता जास्तच आवळला. तेव्हा सुपडू मिस्त्री ओरडले. त्यांना ओरडताना आम्ही पहिल्यांदाच ऐकलं.

"हात काढा! लूमवर ताणा तुटना म्हनून कोनी वढस का?"

मग त्यांनी लूमवरची रीत लावली. आम्हा आठ जणांना तीस-तीस पावलांवर उभं केलं, प्रत्येकाच्या हातात गोणपाटाचा तुकडा दिला. ते एकेक वेढा बोटांनी मोकळा करत आणि "ढील!" म्हणत. ढील म्हटलं की आम्ही तार तळहातांवर झेलत एक पाऊल मागे सरकायचो. तार जमिनीला टेकता कामा नये. डॉक्टर, पटेलभाई, खुद्द मेहतासाहेब, सगळे मुकाट मागे सरकत होते. सूर्य पश्चिमेला हजीऱ्याच्या समुद्राकडे कलत होता. घाई करावी असं प्रत्येकाला वाटत होतं आणि कुणीच करत नव्हतं. मिस्त्रींची बोटं मात्र लुगड्याचा धागा जोडावा तशी चालली होती.

शेवटी नळी ठोकून झाली. त्यांनी ती बाहीने पुसली.

"हाई बी.ए.नी गाठ," ते म्हणाले. "जा आता."

सूर्य अजून दोन बोटं वर होता.

त्यानंतरचं मला नीट सांगता येत नाही. तार सोडली आणि एकदम शांत झालं. खाली तापी तांब्यासारखी चमकत होती, गिरण्यांची धुराडी काडीएवढी झाली होती. त्यातल्याच एखाद्या पत्र्याखाली वडील लूमवर उभे असतील, असं मनात आलं. मागची, साहेबांची सीट रिकामी होती आणि तरी मी हवेत होतो. मी कुणाला तरी नमस्कार केला. कुणाला, ते माहीत नाही.

उतरल्यावर मी विंचकडे धावलो. "मिस्त्री, पाहिलंत का?"

"मी तार देखी ऱ्हायंतू," ते म्हणाले. "गाठ टिकनी."

दोन वर्षांनी सुट्टीत आलो तेव्हा क्लब बंद पडला होता. मेहतासाहेब बडोद्याला, डॉक्टर आफ्रिकेत. पेढे घेऊन मी मिस्त्रींच्या खोलीवर गेलो. एक ताट, एक वाटी, एक गादी. आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, कपडे वाळत घालायला, तीन पोलादी तारा. जुन्या झाल्या म्हणून क्लबाने टाकून दिलेल्या तारांचे हे तुकडे. प्रत्येकीवर ओळखीच्या नळ्या.

"मिस्त्री, कपड्यांना गंज लागत असेल."

"लागस," ते म्हणाले, आणि चहा ठेवायला वळले.

खिडकीजवळच्या तारेवर त्यांचा ओला सदरा होता. चहाचं आधण चढवून ते परत आले, सदरा चार बोटं बाजूला सरकवला आणि त्याखाली झाकली गेलेली नळी बाहीने पुसली.

"हाई तुम्नी," म्हणाले. "बसा, बी.ए."