'नाय' म्हणायचं तर कॉलेजनं म्हणावं

आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर बारसं होतं. सगळ्या बायका पाळण्यात वाकून नाक कुणाचं आणि कपाळ कुणाचं ते ठरवत होत्या. फिलोबायही वाकली, चष्म्याच्या वरून बाळाकडे पाहिलं आणि त्याच्या आईला विचारलं, "हिची बारावी कुठल्या साली येते गो?"

आई हसून बाळाचं दुपटं सारखं करायला लागली. फिलोबायनं बोटांवर मोजून साल काढून दिलं आणि म्हणाली, "नववीपासून लक्ष ठेव. अकरावीत माझ्याकडे येऊन रडायचं नाय."

पूर्ण नाव फिलोमिना. मूळची वसईची. इथं ओमानमध्ये, कुरुममधल्या ज्या कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत मी इंजिनिअर आहे, तिथं ती माझ्या कितीतरी आधीपासून सेक्रेटरी आहे. राहायला सीबला, आमच्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावर, एकटी. मी तिला 'तुम्ही' म्हणतो, ती मला पहिल्या दिवसापासून 'तू' म्हणते. लिहिताना मात्र माझ्या हातून 'ती'च येतं. एवढ्या जवळच्या माणसाला कागदावर 'त्या' म्हटलं की ती दुसरीच कुणी बाई वाटायला लागते.

लग्न केलं नाही, मूलबाळ नाही. पण सीबमधल्या निम्म्याअधिक भारतीय घरांतलं पोरगं अमेरिकेत कुठं शिकतंय, ते फिलोबायला त्याच्या आजीपेक्षा चांगलं माहीत असतं. कारण त्याचा फॉर्म तिच्या डायनिंग टेबलावर भरलेला असतो. कधीकाळी कुणाच्या तरी मुलाचा अर्ज टाइप करून दिला, तेव्हापासून हे लागलं म्हणतात. कुठल्या कॉलेजात किती अर्ज येतात, किती घेतात, लवकर अर्ज केला तर चान्स किती वाढतो, सगळं तिला पाठ. आईबापांनी विचारलं तर सांगते. मुलांना मात्र कधीच सांगत नाही.

"का?" मी एकदा विचारलं.

"आकडा आईबापांना लागतो, काळजी करायला काहीतरी हवं म्हणून. पोरांना काय करायचाय? त्यांना निबंध लिहायचाय."

आमचे ओमानी साहेब, ज्यांना सगळे अर्बाब म्हणतात, त्यांचा मुलगाही तिच्या टेबलावरूनच गेला. अर्बाब म्हणाले होते, "इन्शाल्ला होईल, फिलो." ती म्हणाली, "इन्शाल्ला बरोबर हाय, सर. पण तो निबंध कधी देणार?" मुलाला प्रवेश मिळाला. तेव्हापासून ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, फॉर्मांच्या धामधुमीत, फिलोबाय दुपारी दोनला पर्स उचलते आणि अर्बाब नुसतं "यल्ला, यल्ला" म्हणून तिला निघायची खूण करतात.

गेल्या वर्षी पाळी आमच्या मुलीची, ऋतुजाची आली.

तिनं एकच कॉलेज मनात धरलं होतं आणि तिथं अर्ली डिसिजनमध्ये अर्ज करायचा होता. म्हणजे नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्या एकाच कॉलेजला लिहून द्यायचं की घेतलंत तर मी येणारच, दुसरीकडे बघणार नाही. त्यावर मुलगी, पालक आणि शाळेचा कौन्सेलर, तिघांच्या सह्या. निकाल डिसेंबरात. लवकर अर्ज करणाऱ्यांना संधी जास्त, असं सगळे सांगतात. किती जास्त, ते मात्र प्रत्येक जण वेगळं सांगतो.

मी पेशानं इंजिनिअर. त्या 'किती'ने मला पछाडलं. मार्क टाकले की चान्स सांगणाऱ्या वेबसाइट असतात, त्यांतल्या एकीवर मी ऋतुजाची माहिती भरली. उत्तर वाईट आलं. दुसरीवर भरली, आणखी वाईट आलं. तिसरीवर मी तिला गणितात थोडे मार्क वाढवून दिले, तरी फारसा फरक पडला नाही. साइटवर काँक्रीटचे क्यूब टेस्टला लावून मी मोबाइलमध्ये अनोळखी पोरांच्या प्रवेशाच्या निकालांच्या याद्या वाचत बसायचो. संगीता, माझी बायको, म्हणाली, "अहो, मुलगी झोपते तरी. तुमचं काय चाललंय?"

शेवटी फिलोबायनंच माझा फोन काढून घेतला. "त्या यादीत तुझी पोरगी हाय का?"

"नाही, पण तिच्यासारखीच..."

"तिच्यासारखी कोण नाय. मी तिचे निबंध वाचलेत."

आणि खरोखरच तिनं ते किती वेळा वाचले असतील, देव जाणे. दर शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी चर्चमध्ये मिस्सा, घरी जेवण, आणि चारच्या ठोक्याला आमची बेल. जिना चढून आलेली असायची, कारण लिफ्टवर तिचा विश्वास नाही. बसायची, चष्मा पुसायची, म्हणायची, "दाखव."

पहिला निबंध समुद्रकिनारा साफ करण्यावर होता. ऋतुजानं त्यात स्वतःला तीन वेळा 'लीडर' म्हटलं होतं. फिलोबायनं तो वाचला आणि शांतपणे विचारलं, "ही कोण मुलगी? मला कधी भेटली नाय."

"आंटी, it's me," ऋतुजा म्हणाली.

"नाय. ही कुठल्याही शाळेत असते. तू काय केलंस ते सांग, जे तुझ्याशिवाय कुणाला जमलं नसतं."

ऋतुजानं लॅपटॉप मिटला. मग तिनं एक गोष्ट सांगितली, जी आम्हालाही नीट माहीत नव्हती. माझी आई औरंगाबादहून आमच्याकडे आली होती तेव्हा एका दुपारी तिच्या पोटात दुखायला लागलं. मी साइटवर, संगीता ती शिकवते त्या शाळेत. ऋतुजाच आजीला घेऊन क्लिनिकमध्ये गेली. नर्स मल्याळी, डॉक्टर इजिप्शियन, आणि मध्ये आमची ही, जिचं मराठी 'आजी, तू जेवली का'च्या पुढे अडखळतं. डॉक्टर विचारत होता, कसं दुखतंय? आई म्हणत होती, "ठणका नाही गं, कळ येतीय. कळ." ऋतुजाला दोन्ही शब्द माहीत नव्हते. तेव्हा आईनं तिचं मनगट हळूहळू घट्ट आवळलं, तसंच धरून ठेवलं आणि मग एकदम सोडलं. "अशी." ऋतुजानं उठून डॉक्टरचं मनगट हुबेहूब तसंच आवळलं आणि सोडलं. डॉक्टरनं मान हलवली आणि लगेच सोनोग्राफी करायला सांगितली. पित्ताचा खडा निघाला.

फिलोबायनं चष्मा काढला. "हे लिही," ती म्हणाली. "आणि किनारा साफच राहू दे."

निबंध झाला, बाकी सगळं झालं, आणि शाळेच्या कौन्सेलरनं सही अडवली. त्याचं म्हणणं, मुलगी हुशार आहे, पण हे कॉलेज तिच्यासाठी वास्तवाला धरून नाही, खालचं बघा. शेवटची तारीख तीन दिवसांवर. मी घरी येऊन म्हणालो, "त्याचा अनुभव आहे. कदाचित बरोबर असेल."

फिलोबायनं माझ्याकडे असं पाहिलं की मी खुर्ची थोडी मागे घेतली. "नाय म्हणायचं तर कॉलेजनं म्हणावं. त्यांना त्याचा पगार मिळतो. आपण आपल्या तोंडानं कशाला म्हणायचं?"

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली. मीही सोबत होतो, म्हणजे गाडी मी चालवली. कौन्सेलर मीटिंगमध्ये आहेत, असं सांगण्यात आलं. ती म्हणाली, "बसते." बाहेरच्या बाकावर बसून तिनं पर्समधून तळलेल्या बांगड्याचा डबा काढला आणि झाकण उघडलं. एअरकंडिशन लावलेल्या त्या कॉरिडॉरमध्ये मीटिंग फार वेळ चालली नाही.

कौन्सेलर तरुण होता, नम्र होता. म्हणाला, "मॅम, तुम्ही मुलीच्या कोण?"

क्षणभर ती थांबली. तिला थांबलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मग म्हणाली, "तिची कोण म्हणून सही मागायला आले नाय. तुमचं काम म्हणून मागतेय. तुम्हाला वाटतं होणार नाय, तसं तुमच्या शिफारसपत्रात लिहा. पण अर्ज अडवू नका."

त्यानं सही केली. पत्रात काय लिहिलं, ते आम्हाला कधी कळलं नाही.

डिसेंबरच्या मध्यावर एका सकाळी शाळेचा युनिफॉर्म घालून ऋतुजानं लॅपटॉप उघडला. फिलोबायही ऑफिसच्या साडीत वर आलेली होती. पत्र छोटं होतं. त्यांना खेद होता. त्यांनी नाही म्हटलं होतं.

ऋतुजा रडली नाही, पत्र पुन्हा वरून वाचायला लागली. संगीता तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. माझ्या डोक्यात तिन्ही वेबसाइट एकदम 'आम्ही सांगितलं होतं' म्हणत होत्या. फिलोबाय आत गेली, टोस्टला लोणी लावून आणलं आणि बशी तिच्यासमोर ठेवली.

"खा. त्यांनी वाचलं, त्यांनी ठरवलं. ते खलास. दुसऱ्या सात कॉलेजांचे अर्ज जानेवारीत जायचेत, त्यांनी अजून वाचलेलं नाय."

"आंटी, माझे chances actually किती होते?"

"मला नाय ठाऊक," फिलोबाय म्हणाली. खोटं होतं. तिला दशांश चिन्हापर्यंत ठाऊक होतं. "एकाच घरात नाय म्हटलं म्हणून गल्ली सोडतात का? शुक्रवारी येते. तोवर दुसरा निबंध काढून ठेव."

त्या डिसेंबरात तिनं ऋतुजाला एकही दिवस दुःखी राहायला सवड दिली नाही. ख्रिसमसच्या दुपारीसुद्धा आली, केक ठेवला आणि म्हणाली, "दाखव." मार्चमध्ये सातांतल्या चौघांनी नाही म्हटलं, दोघांनी ताटकळत ठेवलं, आणि एका थंड गावातल्या लहानशा कॉलेजनं हो म्हटलं, स्कॉलरशिपसकट. सोबतच्या पत्राखाली कुणीतरी पेननं लिहिलं होतं की मनगटाची गोष्ट आम्ही सगळ्यांनी वाचली. फिलोबायनं ती ओळ दोनदा वाचली, कागदाची नीट घडी घातली आणि म्हणाली, "बघ, वाचणारे असतात."

ऑगस्टमध्ये ऋतुजा गेली. फिलोबाय एअरपोर्टला आली नाही. कुणाच्याच वेळी जात नाही म्हणे. पार्किंगचा त्रास असतो.

पुढच्या शुक्रवारी आम्ही दोघं जेवलो, आवरलं, बसलो. चार वाजले. सव्वाचार झाले. संगीता म्हणाली, "बघून या हो."

मी खाली गेलो. दार उघडंच होतं. फिलोबाय हॉलमध्ये खुर्चीवर बसली होती, चर्चचीच साडी, पायांत चपला, मांडीवर पर्स. जाण्यासाठी तयार होऊन बसलेलं माणूस असतं, तशी.

"कुठं निघालात?"

"कुठं नाय," ती म्हणाली. "पाय आपोआप चपलेत गेले. मग म्हटलं, आता वर जाऊन बघायचं काय."

मी आत गेलो. भिंतीवर फोटो होते, पदवीच्या झग्यांतल्या मुलामुलींचे. इतक्या वर्षांत मी ते कधी मोजून पाहिले नव्हते. "यांचे फोन येतात?" मी विचारलं.

"पहिली थंडी पडेपर्यंत येतात. मग कामाला लागतात." तिनं पर्सची चेन उगाचच लावली. "बरोबरच हाय. फोन करत बसायचं असतं तर मी पाठवलं कशाला त्यांना?"

"संगीता वाट बघतेय," मी म्हणालो.

"कशाला? तुमच्याकडे आता कोण हाय?"

"आम्ही आहोत."

ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली, दया करायला आलोय की काय, ते तपासत असावी. मग उठली, दाराला कुलूप लावलं आणि माझ्यापुढे जिना चढायला लागली.

त्या दिवशी आम्ही कॉलेजचं एक अक्षर काढलं नाही. दुसरं काय बोलावं ते तिलाही सुचत नव्हतं आणि आम्हालाही. संगीतानं चहा केला, फिलोबायनं साखर कमी असल्याचं सांगितलं. तरी ती साडेसातपर्यंत बसली.

निघताना दारात चपला घालत म्हणाली, "पुढच्या शुक्रवारी मी बोंबील घेऊन येते." विचारलं नाही, सांगितलं.