सेकंदाला आठशे लिटर चहा

साहेब, तुम्ही खोटं बोलता. एखाद्या वेळी नाही, रोज सकाळी बोलता. आणि आकड्यात, दशांशचिन्हासकट बोलता म्हणून लोकांना ते खरं वाटतं. तुमचं नाव घेण्यात अर्थ नाही. घेतलं तर तुम्ही म्हणाल, त्या नावाचा अधिकारी कधीच बदलून गेला. खुर्ची तेवढी तिथेच आहे, तेव्हा खुर्चीला सांगून ठेवतो: हमरोकुलचा चायखाना तुम्ही पाडलात, आणि आधी तिथे फुकट चहा प्यायलात.

तेराकसाय ही नदी वरच्या देशातून खालच्या देशात जाते. दोन्ही देशांमध्ये एक पूल आहे. पुलाच्या वरच्या अंगाला वरच्या देशाचं प्रवाहमापन केंद्र, खालच्या अंगाला खालच्या देशाचं. मधे जेमतेम शंभर पावलं. त्या शंभर पावलांत एक तुतीचं झाड आणि हमरोकुलचा चायखाना: पाण्यात खांब रोवून वर टाकलेली तीन लाकडी तख्तं आणि एक समोवर, म्हणजे चहाचं पाणी उकळायचं तोटीचं पितळी भांडं. बापाने बांधला, मुलगा चालवत होता. त्याच्याजवळ दुसरं काही नव्हतं, आणि त्याला दुसरं काही येतही नव्हतं.

वरच्या केंद्रावर जिरगलबेक, खालच्या केंद्रावर नेमतजोन. एकाच संस्थेत शिकलेले, एकाच वसतिगृहात एकमेकांची जाकिटं घातलेले. प्रवाह मोजायचं यंत्र दोघांना मिळून एकच दिलेलं होतं. कुठल्याच देशाने त्यात गडबड करू नये म्हणून ते पेटीत घालून पेटीला दोन्ही देशांचं सील मारलं होतं. त्यामुळे यंत्र अत्यंत अचूक राहिलं. विसर्ग ठरायचा तो हमरोकुलच्या तख्तावर.

"आठ घनमीटर सोडलं," जिरगलबेक म्हणायचा. आपण भरपूर दिलं हे दाखवायचं, हे त्याचं कर्तव्य.

"तीन आलं," नेमतजोन म्हणायचा. आपल्याला कमी मिळालं हे दाखवायचं, हे त्याचं.

"अरे, अल्लाला भ्या जरा!" हमरोकुल मधे पडायचा. गुरांच्या बाजारात दलाल करतो तसे दोघांचे हात एकमेकांत गुंतवायचा आणि पंप मारल्यासारखे वरखाली हलवायचा. "नदी आहे ती, तीन पायांचा बकरा नाही! तू उतर. तू चढ. बोला!"

हात दुखेपर्यंत हलवले की वरचा सहावर उतरे, खालचा पाच पूर्णांक दोनवर चढे. उरलेले पॉइंट आठ, म्हणजे सेकंदाला आठशे लिटर, 'बाष्पीभवन' या सदरात लिहीत. शंभर पावलांत एवढं पाणी उडून जातं याचं कुणालाच नवल वाटलं नाही. जानेवारीत काठ गोठलेले असतानाही तेवढंच उडायचं.

मग दोन्ही देशांच्या संयुक्त पाणी कचेरीतून आदेश आला. तफावत यापुढे दोषी व्यक्तीसह सादर करावी. बाष्पीभवनावर नोटीस बजावता येत नाही, सबब ते कारण अग्राह्य.

चौकशीला त्याच कचेरीतले साहेब आले, गाडीतून उतरले आणि तख्तावर बसले. दोन्ही केंद्रांच्या मधे पाण्याला हात लावणारं दुसरं कोण आहे, असं त्यांनी विचारलं. जिरगलबेकने झाडाकडे बघितलं. नेमतजोनने हमरोकुलकडे बघितलं आणि लगेच मान खाली घातली. तेवढं पुरलं.

हमरोकुलला यातलं काही माहीत नव्हतं. मोठा पाहुणा आलाय म्हणून त्याने हिरवा चहा केला आणि रिवाजाप्रमाणे पहिला प्याला भरून परत चहादाणीत ओतला. असं तीनदा केलं.

"तीन," साहेब म्हणाले. जिरगलबेकने तीन लिहिले.

"साहेब, ते परत ओतलं," हमरोकुल हसून म्हणाला. "चहा मुरावा म्हणून ओततात."

"'घेतलेले पाणी' असं सदर आहे. 'परत ओतलेले' असं सदर नाही."

त्यात हमरोकुलने साहेबांचा प्याला अर्धाच भरला. आमच्याकडे प्याला काठोकाठ भरला तर पाहुण्याला 'आता निघा' म्हटल्यासारखं होतं; थोडा थोडा, पुन्हा पुन्हा भरायचा, यात मान असतो. साहेबांचा मान फार मोठा होता. हमरोकुलने तो इतक्या वेळा राखला की जिरगलबेकला पान उलटावं लागलं.

दुसऱ्या दिवशी पाण्याची गुणवत्ताही तपासली. चायखान्याच्या वर एक बाटली भरली, खाली एक. हमरोकुल वापरलेली चहापत्ती नदीत झटकायचा, त्याचा बाप झटकायचा, कुणी काही म्हटलं नव्हतं. प्रयोगशाळेने कळवलं: वरच्या नमुन्यात चहा नाही, खालच्या नमुन्यात चहाचा अंश आढळला. यावरून सदर ठिकाणी नदीचे चहात रूपांतर होत असल्याचे सिद्ध होते.

"साहेब, हमरोकुल-आका आम्हाला थोरल्या भावासारखा, आमचा माणूस आहे हो," नेमतजोन हळूच म्हणाला.

"मग बरंच झालं. सही लवकर मिळेल."

तेराकसायच्या पाण्यावर आता तीन हक्कदार झाले: वरचा देश, खालचा देश, आणि वापरकर्ता क्रमांक तीन, हमरोकुल, सेकंदाला आठशे लिटर. हिशेब पहिल्यांदाच काटेकोर जुळला. दोन्ही इंजिनिअरांना प्रशस्तिपत्रं मिळाली.

"आख्खी नदी प्यायलात म्हणे," त्याची बायको सानोबर म्हणाली. "घरात बादलीभर आणा म्हटलं की कंबर धरते तुमची!"

"ते कागदावर आहे गं. कागद कुणाला चावतो?"

"गाढवाला विचारा. ते कागद खातं. तुम्हाला कागद खाईल."

खरं सांगायचं तर हमरोकुलला त्यात मजा वाटू लागली होती. दर तीन महिन्यांनी पाणीवाटपाची बैठक भरे. टेबलावर दोन झेंडे आणि हमरोकुलच्या पुढ्यात, झेंडा नाही म्हणून, खडीसाखरेची वाटी. तो लग्नातला पट्ट्यापट्ट्यांचा अंगरखा घालून जाई. कुणी विचारलंच तर म्हणे, "आमचा वाटा आम्हाला पुरतो."

मग खालच्या गावचे कांदेवाले येऊ लागले. गरम नान, जर्दाळूंची टोपली.

"हमरोकुल-आका, तुमच्या आठशेतलं पन्नास लिटर आमच्या पाटाला सोडा की. तुम्हाला काय कमी आहे!"

तेव्हाच सांगायला हवं होतं, बाबांनो, माझ्याकडे समोवरभर पाणी आहे. पण उभ्या आयुष्यात त्याच्याकडे कुणी काही मागायला आलं नव्हतं. आले ते चहा मागायला. त्याने दाढीवरून हात फिरवला.

"बघू," तो म्हणाला. "वर विचारावं लागेल."

आणि जर्दाळू ठेवून घेतले.

पुढच्या वर्षी डोंगरात बर्फ पडलं नाही. आषाढात असते तशी नदी फुगायच्या ऐवजी दगड दाखवू लागली. वरचा देश म्हणाला, आम्ही दिलं. खालचा म्हणाला, आम्हाला मिळालं नाही. या एका मुद्द्यावर मात्र दोघांचं एकमत झालं: वापरकर्ता क्रमांक तीनने आपला वाटा जनहितार्थ तात्काळ सोडावा, अन्यथा चायखाना जप्त.

हमरोकुल धावत साहेबांकडे गेला. अंगरखा न घालता गेला.

"साहेब, पाणी नाहीच हो माझ्याकडे! कधीच नव्हतं!"

"बैठकीत तुम्हीच म्हणालात, वाटा पुरतो."

"तोंडातून गेलं, साहेब."

"सेकंदाला आठशे लिटर. नुसतं प्यायलात म्हणावं तर माणूस फुटेल. तेव्हा साठवलेलं असणार."

"कुठं साठवू? तीन तख्तं आहेत!"

"तेच तर बघायचंय. तख्तांच्या खाली."

पाडकामाआधी पंचनामा हवा, पंचनाम्याला साक्षीदार हवेत. मजकूर तयार होता: 'आम्ही खाली सही करणार सदर चायखान्यात दररोज बसतो व तो इसम नदीतून पाणी घेत असल्याचे आम्ही डोळ्यांनी पाहतो.' यात चुकीचा एक शब्द नव्हता. घेतच होता तो, बादलीने, समोवरसाठी. ज्यांनी जर्दाळू आणले होते त्यांनी सगळ्यात आधी सह्या केल्या. बाकीच्यांनी, आपल्या बागेकडे बोट जात नाही ना, एवढं बघून केल्या. कुणी म्हणालं, "आका, मनावर घेऊ नका, साहेबांपुढे नाही कसं म्हणायचं?" आणि त्याच्याच तख्तावर टेकून, त्याचाच पेन घेऊन, सही केली.

पाडकामाचं यंत्र आलं, एका सकाळीत चायखाना झोपला. तख्तांखाली सापडलं ते असं: दहा-बारा चमचे, एक चप्पल, नेमतजोनच्या चष्म्याची काडी आणि नदी. गुडघाभर, वाहती. साहेबांनी ती बघितली आणि नोंद करायला सांगितली: 'साठा आढळला नाही. आरोपीने पुरावा वाहून जाऊ दिला.'

दुसऱ्या दिवशी दोन्ही इंजिनिअर कामावर आले. बसायला तख्त नव्हतं, घोटभर चहा नव्हता, हात धरून हलवणारं कुणी नव्हतं. दोघं आपापल्या काठावर उभे राहून ओरडले.

"आठ सोडलं!"

"तीन आलं!"

पाच घनमीटरची तफावत. सेकंदाला पाच हजार लिटर, आणि मधे आता फक्त तुतीचं झाड. दोन्ही देशांच्या राजधान्यांत फोन वाजले. झाडावर काही दिवस संशय होता, पण झाडाला सही करता येत नसल्याने ते सुटलं.

साहेबांनी यावर खोल विचार केला. चायखाना पडला तरी वापर सहापट वाढला, म्हणजे पाणी चायखानेवाला पीतच नव्हता. पीत होती गिऱ्हाइकं, आणि आता चहा बंद झाल्याने त्यांची तहान भडकलेली दिसते. गिऱ्हाइकं कोण? शोधायची गरज पडली नाही. दररोज बसतो, असं त्यांनी स्वतःच्या सहीने लिहून दिलेलं होतं.

घरोघर नोटिसा गेल्या. प्यायलेलं पाणी नदीला परत करेपर्यंत प्रत्येकाच्या शेताची पाण्याची पाळी बंद. पाटांच्या फळ्या खाली पडल्या, फळ्यांना सीलं लागली. कांदा मातीतच वाळू लागला.

हमरोकुल रस्त्याच्या कडेला समोवर घेऊन बसला होता. समोवर थंड होता; नदीतून बादली भरायला त्याला बंदी होती. कांदेवाले त्याच्यापुढे येऊन उभे राहिले. यावेळी टोपली नव्हती.

"आका, काहीतरी करा. तुम्ही बैठकीत बसलेले. साहेब तुमच्या ओळखीचे."

हमरोकुलने थंड समोवरचं झाकण पुसलं. बोलली सानोबर.

"का रे बाबांनो? सही करायच्या आधी नदीत एकदा हात तरी घालून बघितला होतात का, पाणी किती आहे ते?"

एकाने घसा साफ केला, तोही कोरडाच.

तिचा प्रश्न त्यांना होता. आता हा तुम्हाला, वाचकहो. तुम्ही इतका वेळ हसलात, परक्या मुलुखातली गंमत म्हणून. तुमच्या गल्लीतही कुणीतरी एक माणूस असेलच, ज्याच्या नावावर सगळ्यांचं हरवलेलं पाणी लिहून टाकलंय, आणि ते लिहिताना साहेबांना साक्षीदार कमी पडले नाहीत. त्या कागदाखाली तुमची सही आहे की नाही? आणि असेल, तर ती कुठल्या भीतीने केलीत? मान खाली घालू नका. उत्तर द्या.